पांढरी वीट

भाऊजींनी फाटकावरच्या घंटेला हात लावायच्या आतच फाटक उघडलं. आतला म्हातारा बहुधा सकाळपासून तिथेच उभा असावा. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. हातात मात्र नुकताच तोडलेला गुलाब होता.

"तपासबाई आपणच ना?"

"हो. आणि हे माझे धाकटे दीर."

"डोकं त्या आणतात, ट्रंक मी," भाऊजी धापा टाकत म्हणाले.

म्हाताऱ्याला हसू आलं नाही. त्याने गुलाब भाऊजींपुढे धरला. "घ्या. बागेतला सगळ्यात सुवासिक. एकदा हुंगा, प्रवासाचा शीण जाईल."

भाऊजींनी जोरात हुंगला. पुन्हा हुंगला. मग ओशाळून म्हणाले, "वहिनी, तपकिरीनं माझं नाक पार कामातून गेलं बघा."

"ते मी केव्हापासून सांगतेय." तपासबाईंनी गुलाब हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि पिशवीत ठेवला.

म्हाताऱ्याला गावात सगळे बागवाले म्हणत. त्यांचं अतिथीगृह छोटंसं. मधे बाग, तीन बाजूंना बैठ्या खोल्या, चौथ्या बाजूला स्वयंपाकघर. दूरदूरची माणसं इथे विसाव्याला यायची ती या बागेच्या सुवासासाठी आणि बागवाल्यांच्या हातच्या लसणीच्या पातीच्या सूपसाठी. "त्यांचं नाक म्हणजे नाक आहे," असं येताना रिक्षावाल्यानेही सांगितलं होतं. आता मात्र एक सोडून सगळ्या खोल्यांना कुलपं होती.

तपासबाईंचा नवरा वकील होता. तो गेल्यावर त्या त्याच्या खुर्चीत बसू लागल्या आणि अडलेल्यांना जे शोधून हवं ते शोधून देऊ लागल्या. आवाज मऊ, बोलणं कमी. सकाळी डोळे मिटून बसल्याशिवाय कोणाशी शब्द नाही. भाऊजी म्हणत, वहिनींना कोणी घाबरत नाही, म्हणूनच सगळे सापडतात.

"माझी सून कोठडीत आहे," ओसरीवर बसताच बागवाले म्हणाले. "तिनं माणूस मारला म्हणतात. तिला मी मुंगी मारताना पाहिलं नाही. तिला सोडवा, बाई. माझं दुसरं कोणी उरलं नाही."

"तुमचा मुलगा?"

"मागच्या वर्षी गावात ताप आला होता. घरात आम्ही दोघं पडलो, तो आणि मी. मी उठलो."

भाऊजींनी खिशातली तपकिरीची डबी काढली होती, ती न उघडताच परत ठेवली.

हकीकत अशी होती. मेलेले गृहस्थ नकाशे काढण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. दरवर्षी इथे महिनाभर राहायचे. यंदा त्यांना पडसं झालं. औषध आणायला सूनबाई औषधाच्या दुकानात गेली. ती येईपर्यंत बागवाल्यांनी त्यांच्यापुरतं सूप केलं आणि वाडग्यावर झाकण घालून ठेवलं. सूनबाई पावसात भिजत परतली आणि तोच वाडगा औषधाबरोबर त्यांच्या खोलीत देऊन आली. रात्रभर नकाशेवाल्यांना उलट्या झाल्या. डॉक्टरांनी पराकाष्ठा केली, पण ते वाचले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पोटात रुसवेफुलाचं विष आहे.

"रुसवेफूल?" भाऊजींनी विचारलं.

"परदेशी कंद आहे. पानं असतात तेव्हा फूल नसतं आणि फूल येतं तेव्हा पानं नसतात. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून माझी बायको त्याला रुसवेफूल म्हणायची. दिसतं देखणं, पण पान न् पान विषारी."

"पातेल्यात काही उरलं होतं?"

"नाही. एकट्यापुरतंच केलं होतं."

नकाशेवाल्यांची खोली त्या दिवसापासून बंदच होती. बागवाल्यांनी कुलूप काढलं आणि पुढे होऊन दाखवू लागले. ही त्यांची खुर्ची, हा चष्मा, या खिडकीतून ते बाग बघत बसायचे. भाऊजी उंबऱ्यावरच थबकले आणि त्यांनी रुमालानं नाक दाबलं. टेबलावरच्या फुलदाणीत फुलांचा लगदा झाला होता, पाण्यावर हिरवी साय आली होती.

बागवाल्यांनी भाऊजींकडे पाहिलं. क्षणभर थांबून त्यांनीही उपरणं नाकाला लावलं. "अरे अरे, काय वास सुटलाय!"

तपासबाईंनी पुढे होऊन खिडकी उघडली.

लसणीचा वाफा स्वयंपाकघराच्या मागे होता. घराकडून कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेलेला एक लांबट पट्टा. घराकडच्या बाजूला हिरवीगार पात आणि पुढे भिंतीपर्यंत नुसती उकरलेली माती.

"इथे रुसवेफुलं होती," बागवाले म्हणाले. "नकाशेवाले गेले त्याच दुपारी सूनबाईनं सगळे कंद उपटून जाळून टाकले. का, ते सांगत नाही. मलाही नाही."

"दोन्ही शेजारी शेजारी? आणि पानं सारखी?"

"डोळ्यांना सारखीच. पण पातीची ओळख नाकानं करायची, बाई. चुरगाळायची आणि हुंगायची. गावातल्या कितीजणींना मीच शिकवलंय." त्यांनी घराजवळची एक पात तोडली, बोटांत चुरगाळली, डोळे मिटून हुंगली. "ही बघा. लसूण."

"त्या संध्याकाळीही हुंगली होतीत?"

"एकेक पात. फौजदारांना तसं लिहून दिलंय."

"कुठली तोडलीत?"

"नेहमीची, कडेची. मधली वाढू द्यायची असते."

तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. उकरलेल्या मातीत रुतलेल्या विटेला अडखळून भाऊजी आडवे झाले होते. "कोणी ठेवली ही इथे? बघा, पँटीला वंगण लागलं!"

वीट चुन्यानं रंगवलेली होती. एका अंगाचा चुना खरवडून निघाला होता आणि तिथे काळं वंगण माखलं होतं. तपासबाई वाकल्या. विटेच्या भिंतीकडच्या बाजूची माती उकरलेली होती. घराकडच्या बाजूचीही, पात सुरू होईपर्यंत, चांगली दोन-चार हात उकरलेली होती.

"ही वीट कशाला?"

"असंच. खूण," बागवाले म्हणाले आणि भाऊजींची पँट झटकू लागले.

अतिथीगृहात आता एकच बाई राहत होती. मुलांना गाणं शिकवायची. संगीतबाई म्हणूनच तिला ओळखत. ती कपडे पेटीत भरत होती.

"मी चालले, बाई. सूनबाई नाही म्हटल्यावर इथे राहण्यात राम नाही. काल दूध करपलं, तेच चहाला. परवा पाव बुरसटलेला. म्हाताऱ्यांना सांगावं तर डोळ्यांत पाणी आणतात."

"त्या दिवशी सूप तुम्ही घेतलंत?"

"मी शिकवणीला होते. तिकडेच जेवले." तिनं आवाज खाली आणला. "फौजदारांना सांगितलं तेच सांगते. आदल्या दिवशी नकाशेवाले सूनबाईला या खिडकीखाली बोलत होते. म्हणाले, 'किती दिवस लपवणार? तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो.' ती रडत होती. 'तुमच्या पाया पडते, त्यांचं सगळं जाईल,' म्हणत होती."

"बघा!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "काहीतरी भानगड. तो धमकावत होता, हिनं काटा काढला."

"भाऊजी," तपासबाई म्हणाल्या, "भानगडीत बाई 'माझं सगळं जाईल' म्हणते." मग संगीतबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "मागच्या वाफ्यात पांढरी वीट आहे ती कोणाची?"

"ती? सूनबाईनंच लावली. त्या तापाच्या साथीनंतर. मी विचारलं तर म्हणाली, शोभेला. एका विटेची कसली आलीय शोभा!"

दुपारी नकाशेवाल्यांचा पुतण्या काकांचं सामान न्यायला आला. मोटरसायकल त्याने वाफ्याजवळच्या चिखलात उभी केली आणि स्टँडखाली काय सरकवावं म्हणून इकडेतिकडे पाहू लागला.

"हे घ्या," तपासबाईंनी एक फळकुट पुढे केलं. "त्या दिवशीही इथेच लावली होतीत का?"

"हो. काकांना फळं द्यायला आलो होतो. माझ्याकडे चला म्हणून किती विनवलं, ऐकायला तयार नाहीत. म्हणे इथली हवा! आता घ्या हवा." त्याने फळकुट स्टँडखाली सरकवलं. "फौजदार माझ्याकडेच संशयानं बघत होता. त्या फळांतलं एकही त्यांनी खाल्लं नव्हतं, तशीच पडली होती."

"त्या दिवशी स्टँडखाली काय घातलंत?"

"वीट होती इथे एक. जाताना परत ठेवली हं! दुसऱ्याची वस्तू घेतली तर जागेवर ठेवावी, हे काकांनीच शिकवलंय."

"अगदी जागेवर?"

"अदमासे. तिथेच कुठेतरी. पाऊस सुरू झाला होता."

पोलीस ठाण्यात फौजदार चहा पीत होते. "केस सरळ आहे, बाई. पात तोडली बागवाल्यांनी, एकेक हुंगून. जबाब आहे. आता त्यांचं नाक चुकलं म्हणालो तर गाव मला हसेल. म्हणजे सूप चांगलं. विष पडलं ते स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधे. आणि मधे वाडगा कोणाच्या हातात होता?"

"सुनेच्या."

"बरं, नकाशेवाले तिचं काहीतरी उघड करणार होते. त्यात तिनं कंद जाळले. आणखी काय पाहिजे?"

सूनबाई गजांआड भिंतीला टेकून बसली होती. तिशीची असेल. तपासबाईंनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. नुसत्या समोर बसून राहिल्या.

शेवटी तीच बोलली. "मामंजी जेवतात का?"

"थोडंफार."

"दुधाजवळ कोणीतरी उभं राहायला पाहिजे. आणि रात्री गॅसची कळ बंद आहे ना, ते संगीतबाईंना बघायला सांगा. रोज. विसरू नका म्हणावं."

"संगीतबाई जाताहेत."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. "मग तुम्ही बघा. एवढं कराल? बाकी मला काही विचारू नका, बाई. मी सुखात आहे."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "फासावर जाण्याची वेळ आली आणि हिला गॅसची काळजी. वेडी आहे का हो?"

"नाही," तपासबाई म्हणाल्या. "आणि आज पहिल्यांदा मला वाटतंय की आपण इथे यायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओसरीवर जमले. तपासबाईंच्या विनंतीवरून फौजदारांनी सूनबाईला आणलं होतं. पुतण्या पायरीवर बसला होता. संगीतबाई पेटी बांधून तयार होती.

तपासबाईंनी बागवाल्यांसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या.

"फौजदारांचा सगळा खटला तुमच्या नाकावर उभा आहे. तेव्हा त्यांना एकदा खात्री करून देऊ. यांतल्या एका वाटीत चिरलेली लसणीची पात आहे, दुसरीत नुसतं गवत. कशात काय, सांगा."

सूनबाई ताडकन उठली. "नको, बाई. मामंजी, हात लावू नका."

"थांब गं. तुझ्यासाठीच आहे." बागवाल्यांनी झाकणं काढली. पहिली वाटी हुंगली, दुसरी हुंगली, पुन्हा पहिली. मग ठामपणे बोट ठेवलं. "ही. ताजी लसूण."

फौजदारांनी ती वाटी नाकाला लावली. मग दुसरी. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? दोन्हीत गवतच आहे."

सूनबाईनं तोंडावर पदर घेतला.

"मी तुम्हाला फसवलं, त्याची मला क्षमा करा," तपासबाई बागवाल्यांना म्हणाल्या. "खरं विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंत. ज्या तापात तुमचा मुलगा गेला, त्याच तापात तुमचं नाकही गेलं. तेव्हापासून तुम्हाला कशाचाच वास येत नाही."

बागवाले वाटीकडे बघत राहिले.

"काल तुम्ही दिलेल्या गुलाबाला वासच नव्हता. भाऊजींनी आपल्या तपकिरीला बोल लावला, पण मी तपकीर ओढत नाही. खोलीत ती फुलदाणी सडली होती. तुम्ही तिच्याशेजारी उभे राहून बोलत होतात आणि भाऊजींचा रुमाल पाहिल्यावर तुम्ही नाक झाकलंत. दूध करपलं, पाव बुरसटला, तुम्हाला पत्ता नाही. आणि हिला कोठडीत घोर कशाचा, तर घरातल्या गॅसचा."

"म्हणजे हिला माहीत होतं?" फौजदार म्हणाले.

"हिला होतं, नकाशेवाल्यांच्याही लक्षात आलं होतं. 'किती दिवस लपवणार' ते याबद्दल. धमकी नव्हती ती, काळजी होती. आणि सगळं जाईल ते हिचं नव्हे, सासऱ्यांचं. वासाच्या बागेच्या मालकालाच वास येत नाही म्हटल्यावर कोण येणार इथे?"

"पण विष?" भाऊजींना राहवेना.

"त्याचं उत्तर वाफ्यात आहे. पातीची ओळख नाकानं करायची असेल तर विटेची खूण कशाला हवी? ती लावली हिनं, साथीनंतर. न बोलता. विटेच्या घराकडची लसूण, पलीकडचं विष. बागवाल्यांना वाटलं, आयतीच खूण मिळाली, आणि ते विटेवर नजर ठेवून पात तोडू लागले. वर्षभर सगळं सुरळीत चाललं."

पुतण्याकडे न बघता त्या पुढे बोलल्या.

"त्या दिवशी पावसाआधी कोणीतरी ती वीट मोटरसायकलच्या स्टँडखाली घेतली. तिच्यावर वंगण आहे. जाताना भल्या मनानं परत ठेवली, पण अदमासे. भिंतीच्या बाजूला सरकून, रुसवेफुलांच्या मधोमध. हिनं कंद उपटले तेव्हा विटेच्या दोन्ही अंगांची माती उकरली गेली. वीट जागेवर असती तर एकाच बाजूची उकरावी लागली असती. बागवाल्यांनी नेहमीसारखी विटेला लागून अलीकडची, कडेची पात कापली. ती लसूण नव्हती. त्यांना वास येत नव्हता. वाडग्यावर झाकण होतं, म्हणून लसणीचा वास नाही हे हिला कळलं नाही. आणि नकाशेवाल्यांना पडसं होतं."

"देवा," पुतण्या म्हणाला. "मी... मी तर परत ठेवली होती."

"डॉक्टरांनी विषाचं नाव सांगितल्यावर ही मागे गेली. विटेअलीकडे कापलेले बुडखे रुसवेफुलाचे आहेत हे पाहिलं, आणि सगळं उपटून जाळलं. सासऱ्यांना कधीच कळू नये म्हणून. फाशीपेक्षा तिला तेच मोठं वाटलं."

बागवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं? मी रोज तुझ्यासमोर फुलं हुंगायचो. हा मोगरा चांगला, तो बरा नाही, असं सांगायचो. तेव्हा तू..."

"हो, मामंजी."

"आणि काही बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग ते उठले, सदऱ्याची बटणं नीट लावली आणि फौजदारांना म्हणाले, "एकेक पात हुंगली, हे मी खोटं लिहून दिलं. त्या खोट्यावर हिला आत ठेवलंत. चला, आता खरं लिहून घ्या."

"मीही येतो," पुतण्या उठला. "माझंही लिहून घ्या."

"तुझा काय गुन्हा, पोरा?" फौजदार थकून म्हणाले. "वीट परत ठेवल्याचा?" मग सूनबाईकडे वळले. "बाई, तुम्ही घरी थांबा. कंद जाळल्याचं काय करायचं ते वरचे ठरवतील. यांचं मात्र..." ते गाडीकडे निघाले.

बागवाले गाडीत बसले. सूनबाई धावत जाऊन त्यांची शाल देऊन आली. त्यांनी शाल घेतली, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

संगीतबाईही निरोप घेऊन गेली. भाऊजी ट्रंक उचलून फाटकाशी उभे राहिले. त्यांना विनोद सुचत नव्हता.

"तुमचं चुकलं नाही, बाई," सूनबाई तपासबाईंना म्हणाली. "पण मी आत असते तर ते इथे बागेत असते. हातपाय हलवत, फुलांशी बोलत. माझं वय आहे, मी काढली असती वर्षं. त्यांचं काय होणार तिथे?"

"खोटं फार दिवस टिकलं नसतं."

"त्यांचे दिवस तरी कुठे फार उरलेत?"

तपासबाईंनी आपली पिशवी उचलली.

ती दोघं रस्त्याला लागली. समोरून एक तरुण जोडपं हातात बॅगा घेऊन येत होतं. फाटक लावून घेणाऱ्या सूनबाईपुढे ते थांबले.

"खोली मिळेल ना? बागेबद्दल फार ऐकलंय."

"बंद आहे," सूनबाई म्हणाली.

"अरेरे. मग कधी उघडणार?"

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला तिचे ओठ हलले. मग तिनं आतून कडी घातली, आणि ते दोघं बाहेर वाट बघत उभे राहिले.